कोणत्या झाडाचा? ग्रीक मधाच्या प्रकल्प नोंदी

14 सप्टेंबर 2024, अथेन्स

आजपासून ही वही. ग्रीक मध स्वयंपाकात नेमका कुठे आणि कसा घालायचा, ते स्वतःच्या हाताने करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. मुदत संक्रांतीपर्यंत, कारण त्यानंतर मी पुण्याला जाणार आहे.

दर सुट्टीला मी इथून मधाच्या चार-पाच बाटल्या नेते आणि त्या सगळ्या सकाळच्या कोमट लिंबूपाण्यात संपतात. बहीण म्हणते, "छान होता गं." कोणता छान होता विचारलं की सांगता येत नाही, कारण तिच्यासाठी ते सगळे एकच, परदेशातला मध. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या खेपेला प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधून न्यायची: हा कोणत्या झाडाचा, कशात घालायचा, आगीवर चढवायचा की नाही.

आम्ही राहतो त्या भागाचं नाव किप्सेली. ग्रीकमध्ये किप्सेली म्हणजे मधमाश्यांची पेटी. हे कळलं त्या दिवशी घराबद्दल जरा जास्तच आपलेपणा वाटला होता. आज आठवडी बाजारात गेले. मधवाल्याच्या टेबलावर बाटल्या रांगेने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर झाडाचं नाव: पाइन, थाइम, फर (पाइनसारखंच सुईच्या पानांचं झाड), हीदर (एक फुलझुडूप), चेस्टनट, संत्र्याची फुलं. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने 'मध द्या' असं म्हटलंच नाही. थेट "एक किलो थाइम" म्हणाला. आपण आंबे द्या म्हणत नाही, हापूस की पायरी ते सांगतो, तसंच.

सहाही घेतले. पाइनचा किलोला दहा युरो, थाइमचा अठरा.

15 सप्टेंबर

नुसतं चाखायचा दिवस. सहा बश्या, सहा चमचे, मध्ये घोटभर पाणी आणि पावाचा तुकडा. नवऱ्यालाही बसवलं.

*थाइम.* सोनेरी-तांबूस. झाकण उघडल्याबरोबर वास. थाइम हे आपल्या ओव्याच्या वासाशी नातं सांगणारं झुडूप. मधात तो ओवा थेट येत नाही, पण उन्हात तापलेल्या रानगवताचा वास येतो आणि गिळताना घसा किंचित धरतो. अथेन्सच्या पूर्वेला हिमेटस डोंगर आहे, आमच्या गच्चीवरून दिसतो. त्या डोंगराच्या मधाची कीर्ती प्राचीन काळापासूनची, आणि ती याच झुडपामुळे.

*पाइन.* गडद, लालसर तपकिरी. गोडी कमी. जिभेवर पहिल्यांदा काकवी आठवली, मग मागून राळेचा हलका वास.

*फर.* दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या मेनालो डोंगराचा, याला इथे 'व्हॅनिला' म्हणतात. व्हॅनिलाशी संबंध काही नाही. उजेडात धरला की आत मोत्यासारखे चकाकणारे पट्टे दिसतात, त्यावरून ते नाव. चव लोण्यासारखी मऊ, वास जवळजवळ नाहीच. युरोपीय संघाचं संरक्षित उगम-नाव याला मिळालेलं आहे.

*हीदर.* बाटलीतच रवाळ झालेला. करपट साखरेच्या अंगाची चव, पावावर उत्तम.

*चेस्टनट.* शेवटी कडू. नवऱ्याने बशी सरकवून दिली, मला आवडला.

*संत्र्याची फुलं.* फिका, हलका, लहान मुलांना आवडेल असा. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कोणताच मध द्यायचा नाही. हे प्रत्येक चिठ्ठीवर लिहिणार आहे, कारण आपल्याकडे अजून पाचवीला मधाचं बोट लावतात.)

पाइन आणि फर मला विशेष वाटले, कारण हे फुलांचे मध नाहीतच. त्याबद्दल मधवाल्याशी सविस्तर बोलायचं आहे.

22 सप्टेंबर

काल आईला फोनवर प्रकल्प सांगितला. तिचा पहिला प्रश्न: "तापवणार नाहीस ना?" आमच्या घरात हा नियम दगडावरची रेघ आहे. मध तापवायचा नाही, गरम पदार्थात घालायचा नाही, दूध कोमट झाल्यावरच घालायचा. आयुर्वेदात तसं सांगितलेलंच आहे. आणि मी राहते त्या देशात मध कढईत उकळतात, पाकात ओततात, गरम भज्यांवर धार धरतात. हा पेच सोडवल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून आज प्रयोग केला.

तीन मध निवडले: थाइम, पाइन, फर. प्रत्येकाच्या तीन स्टीलच्या वाट्या, वाटीत दोन चमचे. एक वाटी तशीच. दुसरी गरम पाण्यात ठेवून 60 अंशांपर्यंत. तिसरी थेट बारीक आचेवर, उकळी फुटल्यावर दोन मिनिटं. मध उकळताना फेसाळून दुप्पट-तिप्पट वर येतो. वाटी लहान होती, थाइमचा अर्धा मध शेगडीवर गेला. पुढच्या वेळी खोल पातेलं.

गार झाल्यावर डोळे मिटून चाखले. थाइमच्या उकळलेल्या वाटीत थाइम उरलाच नव्हता. नुसता गोड, कुठलाही. 60 अंशांच्या वाटीत वास होता, पण उतरलेला. फर उकळून थोडा करपट लागला, मूळचा लोणीपणा गेला. पाइन मात्र तिन्ही वाट्यांत पाइनच होता, उलट उकळल्यावर काकवीपणा अधिक खुलला.

थाइमची सगळी श्रीमंती वासात, आणि वास उडून जाणारा. पाइनची चव अंगात मुरलेली. तेव्हा आजचा निष्कर्ष, कच्चाच असला तरी: अठरा युरोचा थाइम आगीवर चढवणं म्हणजे केशर फोडणीत घालण्यासारखं.

आणखी एक नोंद. मध तापवला की त्यात एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. युरोपीय नियमांनुसार साधारण मधात ते किलोला 40 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. मध बाटलीत भरण्याआधी फार तापवला किंवा फार जुना झाला की प्रयोगशाळेत त्यावरूनच कळतं. म्हणजे मध विकणाऱ्याने तो तापवू नये ही शिस्त इथेही आहे. घरी पदार्थात तापवणं ही वेगळी गोष्ट. आईला एवढं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण माझ्यासाठी न तापवलेलाच आण."

12 ऑक्टोबर, दसरा

श्रीखंड. इथे चक्का बांधावा लागत नाही, पाणी काढून टाकलेलं घट्ट दही बाजारात तयार मिळतं. तेच ते, ज्याला जगभर ग्रीक दही म्हणतात. 10 टक्के स्निग्धांश असलेलं घेतलं, तरी रात्रभर फडक्यात बांधून ठेवलं. सकाळी किलोमागे वाटीभर पाणी सुटलंच.

अर्ध्या चक्क्यात साखरेऐवजी फरचा मध फेटला. चूक. मधात अठरा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्याने चक्का सैल पडला आणि वाटीत श्रीखंड न राहता घट्ट पीयूष झालं. चव सुरेख, पण पुरीबरोबर उचलता येईना.

उरलेल्या अर्ध्यात फक्त वेलची आणि चिमूटभर मीठ घालून फेटलं, वाटीत वाढलं, मध्ये चमच्याने खळगा केला आणि त्यात मध ओतला. वरून अक्रोड. इथली माणसं दही-मध-अक्रोड असेच खातात, मध ढवळत नाहीत. दर घासाला आंबट आणि गोड वेगवेगळे येतात आणि तोंडात एक होतात. फरच्या मधाला वास नसल्यामुळे वेलची पुढे येते. थाइम घातला असता तर दोघांची मारामारी झाली असती.

चिठ्ठी क्र. 1, फर: *चक्क्यावर. फेटायचा नाही, ओतायचा. तापवायचा नाही.* हा मध सहसा साखरत नाही, त्यामुळे वर्षभर पातळ राहील, हेही लिहिलं.

20 ऑक्टोबर, हेराक्लिओ, क्रीट

नवऱ्याला चार दिवस सुट्टी, म्हणून क्रीटला. हेराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात मालियाचं सोन्याचं पदक पाहिलं. जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद, इसवी सनापूर्वी 1800 ते 1700 च्या सुमाराचं. दोन माश्या समोरासमोर वाकलेल्या, मध्ये गोल पोळं, आणि दोघींच्या पायांमध्ये एक थेंब. पोळ्यावर रवा कामाचे इतके बारीक सोन्याचे दाणे आहेत की काचेला नाक लावून बघावं लागतं. तिथून हलवेना. एका थेंबासाठी सोनाराने केवढी मेहनत घेतली आहे!

22 ऑक्टोबर, स्फाकिया, क्रीट

आजची नोंद मोठी होणार, कारण आज मला इथे पुरणपोळी भेटली.

दक्षिण किनाऱ्यावरच्या या डोंगराळ भागाची ओळख असलेला पदार्थ, 'स्फाकियानी पिता'. खाणावळीच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात उभं राहू दिलं. मैद्याची कणीक, तेल आणि थोडी राकी (इथली दारू) घालून मळलेली, अगदी सैल, हाताला रेशमासारखी. लिंबाएवढा गोळा घेतला, त्याची वाटी केली, आत तेवढाच मिझिथ्रा चीजचा गोळा ठेवला. मिझिथ्रा हे निवळीपासून केलेलं चीज, मऊ, ताजं, थोडं खारट. वाटीच्या कडा वर गोळा करून चिमटल्या. म्हणजे पारी केली, सारण भरलं, उंडा बांधला! बाईंनी तो उंडा तळहाताने थापला आणि मग लाटण्याने ताटलीएवढा केला. चीज आतून पांढरं दिसत होतं, पण कुठे फुटलं नाही. चांगल्या पोळीचं लक्षण इथेही तेच, सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे.

तव्यावर दोन्ही बाजूंनी, खरपूस ठिपके येईपर्यंत. मग ताटात आणि वर थाइमच्या मधाची धार. पोळी गरम आहे, मध गार आहे. गरमीने तो पातळ होऊन पसरतो आणि वास वर येतो, पण उकळत नाही. माझ्या प्रयोगाचं उत्तर या बाईंच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतंच.

मी त्यांना मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये पुरणपोळी समजावली. डाळ आणि गूळ आत? गोड आतच? त्यांना नवल वाटलं. त्यांच्या मते गोड बाहेरून यायला हवं, म्हणजे किती हवं ते खाणारा ठरवतो.

27 ऑक्टोबर

घरी पोळपाटावर केल्या. पहिल्या दोन फुटल्या, मिझिथ्रा ओला होता. फडक्यात दाबून पाणी काढल्यावर बाकीच्या जमल्या. पुण्यात मिझिथ्रा मिळणार नाही. तिथे ताजं पनीर बारीक मळून, किंचित मीठ घालून होईल असं वाटतं. बहिणीला करून बघायला सांगितलं आहे.

चिठ्ठी क्र. 2, थाइम: *गरम पदार्थावर, आग बंद झाल्यावर, ताटात. खारट चीजशी जोडी.* (फेटा चीजचा तुकडा फिलोच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून, तळून, वर हाच मध आणि तीळ. रविवारी केला, दहा मिनिटांत संपला.)

17 नोव्हेंबर

आज मधवाल्याच्या टेबलाशी गर्दी नव्हती, म्हणून पाइनबद्दल विचारलं. ते इव्हिया बेटाच्या उत्तर भागातले.

पाइनच्या झाडाला मध येईल अशी फुलं नसतात. झाडाच्या सालीच्या भेगांत एक बारीक किडा राहतो, मार्कालिना हेलेनिका. तो झाडाचा रस पितो आणि जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. स्वतःभोवती तो पांढरं, कापसासारखं आवरण करतो, म्हणून त्याला इथे 'व्हामव्हाकादा' म्हणतात, कापूसवाला. दुसरं नाव 'पाइनचा कामगार'. मधमाश्या ते थेंब गोळा करून नेतात. फुलातल्या रसापेक्षा यात ग्लुकोज कमी, म्हणून हा मध लवकर साखरत नाही. खनिजं जास्त, म्हणून गडद. ग्रीसमध्ये निघणाऱ्या मधात सर्वांत मोठा वाटा याचाच.

फोनमधले फोटो दाखवले. खोडाच्या भेगेत कापूस कोंबल्यासारखं दिसतं. पुढचा फोटो त्याच उताराचा, ऑगस्ट 2021 नंतरचा. काळी खोडं, राखाडी जमीन. त्या वणव्यात उत्तर इव्हियात सुमारे पन्नास हजार हेक्टर जळालं. पेट्या जळाल्या त्या पुन्हा घेता येतात, ते म्हणाले. पण झाड गेलं की किडाही जातो, आणि नवं झाड त्या किड्याला पोसण्याएवढं मोठं व्हायला दशकं लागतात. ते आता पेट्या गाडीत घालून उत्तर ग्रीसमधल्या हाल्किदिकीकडे नेतात. मधपाळांनी मोसमानुसार पेट्या फिरवणं इथे जुनंच आहे. पण आधी जंगल घरामागे होतं, आता ते दिवसभराच्या अंतरावर आहे.

मी दोन किलो घेतला. माझ्या मनात पाइन म्हणजे 'स्वस्तातला, उकळायचा' असा झाला होता. ते आज बदललं. उकळायचा खरा, पण एक थेंबही शेगडीवर सांडायचा नाही.

24 नोव्हेंबर

रव्याचा हलवा. शेजारच्या याया (आजीला इथे याया म्हणतात) यांनी प्रमाण बोटांवर मोजून दाखवलं: एक, दोन, तीन, चार. एक वाटी ऑलिव्ह तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. आपल्या सत्यनारायणाच्या सव्वासारखंच हे पाठ करायचं प्रमाण. रवा तेलात तांबूस भाजायचा आणि उकळता पाक एकदम ओतायचा. चर्र आवाज, वाफेचा लोट, हात लांब.

तीन वाट्या साखरेऐवजी दोन साखर आणि पाऊण वाटी पाइनचा मध घेतला, पाणी थोडं कमी केलं. साखर-पाणी-दालचिनी-संत्र्याची साल उकळून, आच बंद करून मग मध. रंग सुंदर आला. शिरा म्हणून कुणाला दिला तर तूप नाही हे कळेल, पण राग येणार नाही.

8 डिसेंबर

फसलं. मेलोमाकारोना, नाताळाची मधात भिजवलेली बिस्किटं, इथे या महिन्यात घरोघरी होतात. मी दोन चुका केल्या. पीठ चपातीसारखं मळलं, तेव्हा तेल सुटून वेगळं झालं आणि बिस्किटं चिवट भाजली गेली. मग गरम बिस्किटं गरम पाकात टाकली. बाहेरून लगदा, आतून कोरडी. चाळीस बिस्किटं. घरी करकरीत खारी शंकरपाळी करणारी मी, मोहनाच्या पिठाला हात किती लावायचा हे मला कळायला हवं होतं.

याया आल्या, एक खाल्लं, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कोरी मू, एक गार, एक गरम." कोरी मू म्हणजे माझ्या पोरी.

15 डिसेंबर

जमलं. प्रमाण लिहून ठेवते.

250 मिली ऑलिव्ह तेल, 120 मिली संत्र्याचा रस, 60 ग्रॅम साखर, दोन चमचे ब्रँडी, दालचिनी, लवंगेची पूड, अर्धा चमचा सोडा रसात फसफसवून. हे सगळं एकत्र करून वर 500 ग्रॅम मैदा आणि 80 ग्रॅम बारीक रवा. मळायचं नाही, फक्त बोटांनी वर-खाली करून गोळा जमवायचा. अंडाकार वळून किसणीच्या पाठीवर हलकं दाबायचं, त्या खड्ड्यांत पाक बसतो. 180 अंशांवर 25 मिनिटं.

पाक आदल्या रात्री: 300 ग्रॅम साखर, 300 मिली पाणी, दालचिनी, संत्र्याची साल, पाच मिनिटं उकळून आच बंद, मग 250 ग्रॅम पाइनचा मध. एकतारीही होऊ द्यायचा नाही. सकाळी पाक गार, बिस्किटं भट्टीतून थेट. एका बाजूने पंधरा सेकंद, उलटून पंधरा. वर अक्रोडाचा भरडा.

बिस्किट पाकात पडताना बारीक 'स्स्' आवाज येतो आणि बुडबुडे वर येतात. आतली गरम हवा बाहेर पडून तिच्या जागी पाक शिरतो. तोडून बघितलं तर मध कडेपासून दोन बोटं आत गेलेला, मधोमध भुसभुशीत. यायांना डबा नेऊन दिला. त्यांनी तो उघडायच्या आधी वास घेतला आणि म्हणाल्या, "पेफ्को." पाइन.

14 जानेवारी 2025, संक्रांत

शेवटचा पदार्थ, आणि मुदत संक्रांतीची ठेवली होती ती याच्यासाठीही. पास्तेली. मुळात फक्त तीळ आणि मध. सायक्लेड्सच्या बेटांवर लग्नात ही वडी लिंबाच्या पानावर ठेवून देतात.

हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. कॉर्फू बेटावरच्या तीनशे मुलांना खच्ची करण्यासाठी जहाजातून लिडियाला (आजच्या तुर्कस्तानातलं एक राज्य) पाठवलं जात होतं. जहाज सामोस बेटाला लागलं. तिथल्या लोकांनी मुलांना देवळात आसरा घ्यायला लावलं. पहारेकऱ्यांनी अन्न तोडलं. तेव्हा सामोसच्या लोकांनी रोज रात्री मुलामुलींचा नाच सुरू केला आणि नाचणाऱ्यांनी हातात तीळ-मधाच्या वड्या घेऊन यायचं असा रिवाज घातला, म्हणजे त्या मुलांना हिसकावून खाता येतील. पहारेकरी कंटाळून निघून जाईपर्यंत ते चाललं. मुलं वाचली. हेरोडोटसच्या काळातही तो सण पाळला जात होता. हे वाचल्यापासून मला तिळगुळाची वडी हातावर ठेवताना दर वेळी ती मुलं आठवतात.

250 ग्रॅम तीळ भाजून, 250 ग्रॅम मध. खोल पातेलं (सप्टेंबरचा धडा). मध पाइनचा. बारीक आच, फेस वर येतो, सतत ढवळायचं. सात-आठ मिनिटांनी वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला, गोळीबंद झाला. तिथेच थांबलं तर वडी चिवट-मऊ होते. मला कुरकुरीत हवी होती म्हणून आणखी तीन मिनिटं, थेंब पाण्यात पडून काचेसारखा तुटेपर्यंत. मग तीळ, चिमूटभर मीठ, संत्र्याची किसलेली साल. तेल लावलेल्या कागदावर ओतून वर दुसरा कागद, लाटण्याने सपाट, गरम असतानाच सुरीने रेघा.

मध हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कडा चिकट झाल्या. गुळाची वडी इतक्या लवकर मऊ पडत नाही. प्रत्येक वडी कागदात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवायला हवी.

आईला व्हिडिओवर दाखवली.

"मध तापवलास?"

"हो आई. यात तापवावाच लागतो."

ती थोडा वेळ वडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोणत्या झाडाचा?"

चिठ्ठी क्र. 3, पाइन: *पाकात, हलव्यात, तिळाच्या वडीत. आग सोसतो. एक थेंबही वाया घालवू नका, का ते भेटल्यावर सांगते.* हीदर आणि चेस्टनटच्या चिठ्ठ्या उद्या. बाटल्या मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या आहेत, आईची फरची बाटली सगळ्यांत आत.